दातांवरचा साचा आणि घरातली सवय

मागच्या सत्रातली गोष्ट. मधली सुट्टी संपत आली होती आणि आमच्या वर्गातला एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा उपाहारगृहातल्या कचऱ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून उभा होता. साफसफाई करणाऱ्या मावशी रबरी हातमोजे चढवून त्याला मदत करीत होत्या. उरलेल्या नूडल्स, हाडे, ओले कागद बाजूला सारता सारता अखेर एक चुरगळलेला टिश्यू सापडला. त्यात दातांवर बसवायचा पारदर्शक साचा होता. मुलाने तो नळाखाली धरला, चड्डीला पुसला आणि आम्ही ‘अरे, थांब’ म्हणेपर्यंत तोंडात बसवूनही टाकला. संध्याकाळी त्याच्या आईला फोन केला तेव्हा कळले की याआधीचे दोन साचे असेच गेले होते आणि ते सापडलेही नव्हते.

प्रसंग हसण्यासारखा आहे खरा. परंतु त्या आईचा आवाज ऐकल्यावर आम्हांस हसू आले नाही. काही हजार डॉलर भरून तिने मुलाचे दात सरळ करायला घेतले होते. मुलगा साचा वापरतो की हरवतो, धुतो की पुसतो, हे पाहायला मात्र घरात कोणाला सवड नव्हती. हे एकाच घरातले चित्र नाही. अलीकडे आपल्या मंडळींच्या कोणत्याही कार्यक्रमाला गेलो, तर जेवणाच्या आधी चार-दोन मुले आणि एखादी काकू तोंडावर हात धरून कोपऱ्यात वळताना दिसतातच. म्हणून या आठवड्यात हा विषय.

या साच्यांना अलाइनर म्हणतात. १९९७ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात अलाइन टेक्नॉलॉजी ही कंपनी निघाली आणि तिचे इन्व्हिजलाइन हे नाव सर्वतोमुखी झाले. आता असे साचे करणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. दंतवैद्य दातांचे माप घेतो, संगणकावर दातांचा सगळा प्रवास आखला जातो आणि त्या बरहुकूम पातळ प्लास्टिकच्या साच्यांची मालिकाच तयार होते. एक साचा एक-दोन आठवडे वापरायचा, मग पुढचा. प्रत्येक साचा दाताला सुमारे पाव मिलिमीटर सरकवतो. आमच्या लहानपणी दात सरळ करायचे म्हणजे तारा. त्या दंतवैद्यानेच चिकटवायच्या आणि त्यानेच काढायच्या. मुलाने मनात आणले तरी त्या हरवणे शक्य नव्हते. साचा मात्र काढता येतो, आणि सगळी गोम तिथेच आहे. तारांचा भार दंतवैद्यावर होता, साच्याचा भार घरावर आला आहे.

या बेटावर दात ही एके काळी जवळजवळ सरकारी बाब होती. १९४९ साली शाळकरी मुलांसाठी दंतसेवा सुरू झाली. १९५८ पर्यंत सगळ्या बेटाच्या नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळले जाऊ लागले. संपूर्ण लोकसंख्येला असे पाणी देणारा आशियातला पहिला देश म्हणून सिंगापूरचे नाव घेतले जाते. आणि पुढे प्राथमिक शाळांत ती दात घासण्याची कवायत आली. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या वाचकांना ती आठवत असेल. मधली सुट्टी झाली की हातात प्लास्टिकचा मग आणि ब्रश घेऊन सगळा वर्ग गटाराच्या कडेने रांगेत उकिडवा बसायचा. बाईंच्या तालावर वर-खाली, आत-बाहेर घासायचे आणि सगळ्यांनी एकदम चूळ गटारात टाकायची. वर्गाच्या दारावर टकटक झाली आणि दंतपरिचारिका हातात नावांची चिठ्ठी घेऊन उभी दिसली की भल्याभल्यांचे पाय लटपटायचे. त्या कवायतीची आम्ही पुढे टिंगल केली, परंतु दिवसातून एकदा तरी नीट घासायची शिस्त तिने लावली हे नाकारता येत नाही. प्राथमिक शाळांतून दंतचिकित्सा आजही होते. पण गटाराकाठची ती रांग गेली आणि तिची जागा घरातल्या कोणी घ्यायची हे कोणी ठरवलेच नाही.

आता थोडा हिशेब मांडू. दात सरकायचे तर साचा दिवसाचे वीस ते बावीस तास तोंडात असावा लागतो. तो तोंडात असताना साध्या पाण्याशिवाय काहीही खायचे-प्यायचे नाही. म्हणजे खाण्यापिण्यासाठी आणि दात घासण्यासाठी उरले जेमतेम दोन ते चार तास. आपल्या घरचा दिवस बघा. सकाळचा चहा, मग नाश्ता, शाळेतली किंवा ऑफिसातली मधली सुट्टी, दुपारचे जेवण, चार वाजताचा चहा आणि त्यासोबत बिस्किट नाहीतर चिवडा, रात्रीचे जेवण, त्यानंतर ‘थोडेसे गोड’ आणि शेवटी चिमूटभर बडीशेप. ही आठ वेळा तोंड चालवण्याची यादी आहे, आणि पाहुणे आले नाहीत असे धरून केलेली. प्रत्येक वेळी साचा काढणे, खाणे, दात घासणे, साचा धुणे, परत बसवणे, यात पंधरा-वीस मिनिटे धरली तरी दोन तास कधीच उलटून जातात. मग मनुष्य काय करतो? एक तर साचा डबीतच ठेवून विसरतो आणि दात जागचे हलत नाहीत. नाहीतर साचा तोंडात ठेवूनच चहा मारतो. मुले बहुधा दुसरा मार्ग धरतात. बाहेरून काही दिसत नाही ना!

या दुसऱ्या मार्गात काय होते ते नीट समजून घ्यावे. आपल्या दातांचा पहारेकरी म्हणजे लाळ. गोड खाल्ले की तोंडातले जंतू त्या साखरेचे आम्ल करतात, आम्लाने दाताच्या वरच्या कठीण थरातील खनिजे झिजतात. लाळ ते आम्ल धुऊन काढते आणि झिजलेल्या जागी खनिजे परत भरते. दिवसभर ही ओढाताण चालू असते. दातावर साचा चढवला की लाळेचा आत जाण्याचा मार्ग जवळजवळ बंद होतो. त्या साच्याखाली मायलोचा, बंडुंगचा किंवा गोड तेह तारिकचा घोट शिरला की तो तिथेच कोंडून राहतो, आणि दात तासन्‌तास साखरेच्या पाण्यात मुरत बसतात. नळीने प्यायले तरी फार फरक पडत नाही. प्रथम दातावर खडूसारखे पांढरे डाग उमटतात आणि ते पुष्कळदा कायमचे राहतात. दुर्लक्ष झाले तर कीड. दोन वर्षांनी साचे संपतात तेव्हा दात रांगेत उभे असतात, पण डागाळलेले. पैसे कशासाठी मोजले, हा प्रश्न तेव्हा विचारून उपयोग नाही.

तेव्हा आमचे पहिले सांगणे साच्याविषयी नसून घरच्या खाण्याविषयी आहे. ज्या घरात कोणी साचा वापरत आहे त्या घराने निदान तेवढी वर्ष-दोन वर्षे खाण्याच्या वेळा एकत्र कराव्यात. चहा नाश्त्याबरोबरच, गोड जेवणाबरोबरच, आणि अधूनमधूनची चरायची सवय बंद. हे एकट्या मुलाला सांगून होत नाही. आई-बाबा टीव्हीपुढे शेंगदाणे खात बसले असता मुलाने कोरडे तोंड घेऊन अभ्यास करावा, ही अपेक्षा ठेवणाऱ्यांनी मग दातांच्या कण्या करून उपदेश केला तरी तो वाया जाणार.

खाणे झाल्यावर साचा परत बसवण्याआधी दात घासावेत. दोन दातांमधली जागा ब्रशने साफ होत नाही. तिथे दिवसातून एकदा, शक्यतो रात्री, दंतधागा फिरवावा. शाळेत घासणे जमले नाही, तर निदान खळखळून दोन-तीन चुळा भराव्यात आणि घरी आल्या आल्या घासावेत. लिंबाचे सरबत, सोलकढी असे काही आंबट प्यायले असेल तर लगेच ब्रश ओढू नये. आम्लाने दाताचा थर क्षणभर मऊ झालेला असतो. आधी पाण्याने चूळ, अर्ध्या तासाने ब्रश.

आणि आता साच्याची निगा. या बाबतीत आम्हांस असे दिसते की पुष्कळ घरांत जाणकार माणूस आधीच बसलेले आहे आणि त्याला कोणी विचारत नाही. ते माणूस म्हणजे कवळी वापरणारी आजी. कवळी कढत पाण्यात घालू नये, वाकडी होते. वाळत ठेवू नये. धुताना खाली पाण्याने भरलेले पातेले ठेवावे म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. कागदात गुंडाळून ठेवली की कोणीतरी टाकून देते. हे सगळे तिने अनुभवाने शिकलेले असते. नातवाच्या साच्याचे नियम याहून फार निराळे नाहीत. त्याचे प्लास्टिक उष्णतेनेच वाकवून आकारात आणलेले असते, म्हणून ते उष्णतेनेच बिघडते. बाळाच्या बाटल्या उकळतो तसा साचा उकळणाऱ्या एका पालकांची आम्हांस माहिती आहे. जंतू मेले असतील, साचाही मेला. गार किंवा फार तर कोमट पाणी वापरावे. साच्यासाठी वेगळा मऊ ब्रश ठेवावा आणि बिनरंगाच्या, बिनवासाच्या सौम्य द्रवसाबणाचा एक थेंब पुरतो. टूथपेस्टने साचा घासू नये. तिच्यातल्या बारीक खरखरीत कणांनी प्लास्टिकवर ओरखडे पडतात, साचा धुरकट दिसतो आणि त्या ओरखड्यांत जंतूंना घर मिळते. रंगीत माउथवॉशमध्ये बुडवला तर तोही रंगतो. स्वच्छतेसाठी गोळ्या किंवा पूड मिळते. ती कोणती व किती वेळ, हे आपल्या दंतवैद्याला विचारावे. साचा काढला की दर वेळी धुवावा, कारण त्यावर वाळलेली लाळ मग सहज निघत नाही. आजीच्या आणि नातवाच्या नियमांत एक मोठा फरक मात्र आहे: आजीने कवळी रात्री काढून पाण्याच्या वाटीत ठेवायची असते, तर नातवाने साचा घालूनच झोपायचे असते. दोघांच्या वाट्या शेजारी शेजारी ठेवू नयेत, एवढे आम्ही हळूच सुचवतो.

हळदीविषयी स्वतंत्र लिहिणे भाग आहे, कारण साच्यांबरोबर मिळणारी सूचनापत्रके ज्यांनी लिहिली त्यांच्या घरी रोज वरण नसते. साचा तोंडात ठेवून आमटीचा एक घास घेतला तरी तो पिवळा होतो. पण साचा काढून जेवले तरीही सुटका नाही. पुष्कळांच्या दातांवर साच्याला पकड मिळावी म्हणून दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवलेले असतात, आणि हळद त्यांना धरते. जेवणानंतर लगेच चूळ आणि ब्रश हाच त्यावर इलाज. हळदीचा डाग उन्हात उडतो हे आपल्या बायकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे आणि ते खरेही आहे. पण म्हणून साचा खिडकीत किंवा मोटारीत उन्हात ठेवू नये. इथल्या दुपारी बंद मोटारीत डाग जाण्याआधी साचाच वाकायचा.

आणि टिश्यू. आपल्या बेटावर टिश्यूच्या पाकिटाने हॉकर सेंटरमधले टेबल राखता येते. साचा मात्र राखता येत नाही. १ सप्टेंबर २०२१ पासून हॉकर सेंटरमध्ये ट्रे आणि टेबलावरचा कचरा आपण स्वतः उचलण्याचा नियम अमलात आला. नियम उत्तम आहे. पण शिस्तीचा नागरिक ट्रे उचलतो, त्यावरचा टिश्यू डब्यात रिकामा करतो, आणि त्याबरोबर शेकडो डॉलरांचे नुकसानही. साचा तोंडातून निघाला की तो दोनच ठिकाणी असावा, डबीत किंवा नळाखाली. डबी दप्तराच्या एकाच कप्प्यात ठेवायची आणि तीही रोज धुवायची. आधीचा साचा लगेच फेकू नये. नवा हरवला तर दंतवैद्याला विचारून तो काही दिवस कामी येतो.

भारतातून येणाऱ्या पाहुण्यांच्या बॅगेत लोणची-पापडांबरोबर दंतमंजने आणि वनस्पतींच्या टूथपेस्ट येतात. त्यांच्या चवीशी आमचेही बालपण जोडलेले आहे, त्यामुळे त्यांना नावे ठेवायला जीभ रेटत नाही. तरी नळीवरची बारीक अक्षरे वाचावीत. यांपैकी पुष्कळांत फ्लोराइड नसते, आणि साच्याखाली दबलेल्या दातांना त्याची गरज नेहमीपेक्षा अधिक असते. शाळकरी मुलांसाठी व मोठ्यांसाठी १००० ते १५०० पीपीएम फ्लोराइड असलेली पेस्ट घ्यावी. ‘फ्लोराइड विष आहे’ असे सांगणारे नातेवाईक भेटतात. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही: यवतमाळ, चंद्रपूर अशा जिल्ह्यांत काही ठिकाणी विंधनविहिरींच्या पाण्यात फ्लोराइड प्रमाणाबाहेर आहे आणि त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात, हाडेही बिघडतात. पण तो प्रमाणाचा दोष आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरला दीड मिलिग्रॅमची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने सांगितली आहे, आणि आपल्या नळाला येते ते त्याहून कितीतरी कमी, मोजून मापून घातलेले. तंबाखू भाजून केलेली मशेरी मात्र कोणाच्या बॅगेत येत असेल, तर ती विमानतळावरच विसरून आलेली बरी. हिरड्या सुन्न होतात म्हणून ती ‘बरे वाटवते’. तोंडाच्या कर्करोगाशी तिचे नाते आहे.

आतापर्यंत मुलांविषयी बोललो. पण हल्ली चाळिशीतली, पन्नाशीतली मंडळीही साचे घेत आहेत. त्यात वावगे काहीच नाही. ज्यांच्या लहानपणी घरात पैसे नव्हते त्यांनी आता हौस केली तर आम्हांस आनंदच आहे. आमचा आग्रह इतकाच की आधी हिरड्या तपासून घ्याव्यात. घासताना रक्त येणे, तोंडाला वास, दात लांब दिसू लागणे ही हिरड्यांच्या आजाराची लक्षणे आहेत. तो आजार चालू असताना दात सरकवले तर दाताखालचे हाड आणखी झिजते आणि सरळ झालेला दात हलू लागतो. ज्यांना मधुमेह आहे, आणि आपल्या घरांत तो कोणाला नाही, त्यांनी तर दुप्पट सावध राहावे. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे रक्तातली साखर आवरत नाही, असे ते दुहेरी नाते आहे. म्हणून प्रथम दातांवरचे किटण काढून घेणे, हिरड्या बऱ्या करणे, आणि त्यानंतर साचा. ज्यांच्याकडे चॅस कार्ड आहे त्यांना दातांच्या काही उपचारांत सवलत मिळते. तिचा उपयोग आपले ज्येष्ठ फारच कमी करतात. ‘आता या वयात दात कशाला’ म्हणत राहायचे आणि पुढे चणे आहेत तर दात नाहीत अशी गत करून घ्यायची, हे आम्ही आमच्याच घरात पाहिले आहे.

स्वस्तात, दंतवैद्याला न दाखवता, घरीच माप घेऊन टपालाने साचे मागवण्याचा मोह होतो. अमेरिकेतल्या स्माइलडायरेक्टक्लब या कंपनीने ती पद्धत लोकप्रिय केली होती. डिसेंबर २०२३ मध्ये ती एकाएकी बंद पडली आणि ज्यांचे दात अर्ध्या वाटेवर होते ते तसेच राहिले. दात हलवणे म्हणजे हाडातून हलवणे. ते कोणाच्या तरी नजरेखाली व्हावे.

शाळेत रोज मुलांचे बोलणे ऐकत असल्यामुळे आमच्या कानाला आणखी एक गोष्ट जाणवली. नवा साचा घातला की काही दिवस ‘स’ घसरतो. मराठी बोलणाऱ्या मुलांची त्याहून जास्त पंचाईत होते, कारण आपल्याकडे ‘चहा’तला च वेगळा आणि ‘चमचा’तला वेगळा, ‘जग’ म्हणजे दुनिया वेगळे आणि ‘जग’ म्हणजे ‘जगणे’तले वेगळे, हे दुसरे उच्चार जीभ दातांच्या मागे टेकवूनच होतात, आणि नेमकी तिथेच प्लास्टिकची भिंत आलेली असते. मुले मग मराठी बोलायचेच टाळतात आणि इंग्रजीवर उतरतात. आधीच घरात मराठीला जागा कमी! अशा मुलाला हसू नये. रोज रात्री दहा मिनिटे मोठ्याने मराठी वाचायला बसवावे. आठवड्याभरात जीभ वाट शोधते.

आता एक विनंती आपल्या कार्यक्रमांच्या संयोजकांना. गणेशोत्सवाच्या जेवणाला सभागृहात पंगत बसते, तेव्हा हात धुण्याच्या जागी गर्दी असते आणि साचा घातलेली मुले तिथे लाजून जात नाहीत. साचा खिशात टाकतात, नाहीतर तसेच जेवतात. यंदा तिथे एक बाजूचे बेसिन राखून ठेवावे, वर छोटा आरसा टांगावा, चुळीसाठी कागदी पेले ठेवावेत. शेजारी एक टेबल आणि त्यावर ‘डब्या येथे ठेवा, नाव लिहा’ एवढी पाटी. टेबलापाशी एखादे आजोबा बसवले तर उत्तमच, डब्यांवर लक्षही राहील आणि मुलांना मोदक गरम असतानाच खाता येतील.